झाकण

नवरा: झाकण काप.

बायको: काय? गळ्याला नीट टेकवा आधी ते बोलायचं यंत्र. नुसती घरघर येतेय.

नवरा: झाकण. कापून टाक.

बायको: आता कळलं. कळलं, पण कापणार नाही. अहो, या कव्हरासाठी चामडं भिजवलं, ताणलं, वाळवलं. तुमचं यंत्र ओलं व्हायला नको म्हणून सुताराकडून हुबेहूब त्याच्याएवढा लाकडी ठोकळा तासून आणला, त्यावर बसवलं. कडा घासून घासून बोटं सोलली माझी. आणि तुम्ही जरा कमरेला लावून बघता आणि म्हणता, काप!

नवरा: उद्या गाडी आहे.

बायको: ठाऊक आहे. सकाळपासून बूट पुसताय, ते दिसत नाही का मला?

नवरा: शिकाऊ पोरगी. पहिल्यांदा रस्त्यावर. समोर कुणी आलं. मी काय करायचं? आधी हे टिचबटण उघडू. मग झाकण वर करू. मग यंत्र काढू. मग गळ्याला लावू. मग म्हणू, ब्रेक. तोवर तो माणूस बोनेटवर.

बायको: तुमच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो की. तो दाबा.

नवरा: सारखा मीच दाबला तर ती शिकणार कधी?

बायको: नाही शिकली तर नाही शिकली! तुम्हीच कशाला शिकवायला हवं? ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले ना, ऑफिसात बसा, आलेल्या माणसांना बघा. चांगलं म्हणाले ते.

नवरा: कुंडीसारखा बसवणार मला. कोपऱ्यात.

बायको: सावलीत तरी असाल!

नवरा: उद्या ते स्वतः मागे बसणार आहेत. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर कुंडी. आणि तू मला हे देतेस. झाकणवालं.

बायको: का देते? का देते, ते पण ऐका. भाजी घेताना हातातून सटकलं होतं ना हे? चीर गेली, दुरुस्तीला टाकावं लागलं. तेवढे दिवस कसे काढलेत, आठवतं? भिंतीकडे तोंड करून पडला होतात. परत पडलं तर? झाकण असलं की पडत नाही.

नवरा: तूच म्हणायचीस. चांगल्या कव्हरला झाकण लागत नाही. चामड्याची पकड पुरते.

बायको: ते गिऱ्हाइकांच्या मोबाइलचं. त्यांचा फुटला तर दुसरा घेतील.

नवरा: गिऱ्हाइकाला पकड. नवऱ्याच्या तोंडाला कुलूप.

बायको: काय म्हणालात?

नवरा: ऐकलंस तू.

बायको: कुलूप! मी लावलं कुलूप? दवाखान्यात बाकावर बसून कंबर मोडली माझी. त्या डॉक्टरांनी सांगितलं, घशातला आवाजाचा भाग काढावा लागेल, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी मान हलवली. ते कुलूप का? तेवढं एकदाच बोलून टाका, म्हणजे मीही मोकळी होते.

नवरा: ते नाही म्हणालो मी.

बायको: मग काय म्हणालात?

नवरा: विषय बदलू नकोस. हे कुठल्या बाजूला बसवलंयस?

बायको: उजव्या. सगळ्यांचं उजव्याच बाजूला बसवते मी. झाकणही उजव्या हाताने उघडेल असंच.

नवरा: माझा उजवा हात गळ्यापर्यंत जातो?

बायको: (कव्हर हातात उलटंपालटं करत राहते.)

नवरा: बोल ना. तुझ्या गळ्याला काय झालं?

बायको: नाही जात.

नवरा: ऑपरेशन झालं तेव्हापासून जात नाही. स्टिअरिंग धरतो. वर जात नाही. रोज बाही कोण चढवतं मला?

बायको: मी चढवते! माहीत आहे हो मला! रोज चढवते आणि रोज मनात म्हणते, आज जरा वर गेला वाटतं. चामडं कापायला बसले, तर डोळ्यांसमोर तुम्ही आलात ते आधीचे. उजवा हात खिडकीबाहेर काढून, रिक्षावाल्याशी भांडताय. त्याच माणसाचं कव्हर शिवलं मी. चुकलं माझं. आणि चुकणार नाही तर काय? हे यंत्र कुठल्या हाताने धरता, ते मला कुठून दिसणार? आजपर्यंत घरात कधी धरलंत?

नवरा: धरतो.

बायको: खोटं बोलू नका, यंत्रातूनसुद्धा कळतं! दूधवाल्याशी बोलता. मालकांशी बोलता. शिंप्याकडे पँट ढगळ झाली म्हणून हुज्जत घातलीत, शिंप्याच्या बायकोने सांगितलं मला. आणि घरात? चहा हवा, कप वाजवला. वाढायला हवं, ताट वाजवलं. दार उघडायचं, थाप. मी काय म्हैस आहे, थाप मारली की सरकायला?

नवरा: तुला ऐकवायचा नव्हता. हा आवाज.

बायको: मला विचारलंत?

नवरा: पत्र्याचा डबा घासल्यासारखा आहे.

बायको: आहेच तसा. मग?

नवरा: यात ओरडता येत नाही. हळू बोलता येत नाही. सगळं एकाच सुरात. मीठ दे म्हटलं काय. जा मर म्हटलं काय. सारखंच.

बायको: पूर्वी तरी मीठ कुठे प्रेमाने मागायचात? ‘अगं, ऐकलंस का’ म्हटलंत की खालच्या मजल्यावरची बाई ‘काय हो’ म्हणायची. मला तेव्हा त्या ओरडण्याचा इतका राग यायचा. आता घर असं गप्प झालंय, की शिवणयंत्र थांबवायची भीती वाटते मला. आणि आज तोंड उघडलंत, ते कशासाठी? भांडायला!

नवरा: भांडायला तूच लागतेस.

बायको: आणा ते इकडे.

नवरा: काय करतेस?

बायको: चामडं कापायची रापी कुठे ठेवली मी? ती बघा, तुमच्या कोपराखाली. द्या. आणि नीट ऐका, झाकण एकदा कापलं की परत जोडता येत नाही. जोडलं तरी ते जोडलेलं दिसतं.

नवरा: काप.

बायको: कापतेय! घाई करू नका, बोट जाईल माझं. हे घ्या तुमचं कुलूप. आता मागची पट्टी उसवून डावीकडे फिरवावी लागेल. बिनझाकणाचं म्हणजे अंगठ्याला वरून खाच हवी, नाही तर चिमटीत यायचं नाही. तो दोरा धरा. मेण लावलेला, तो नाही, तो जाड. धरा घट्ट. उजव्याने धरा, तेवढं येतं ना?

नवरा: येतं.

बायको: उभे राहा. लावा डावीकडे. आता त्या स्टुलावर बसा. मी शिकाऊ पोरगी. चालवतेय बरं का. चालवतेय... कुत्रं!

नवरा: ब्रेक.

बायको: गेलं कुत्रं. उशीर झाला.

नवरा: घट्ट आहे.

बायको: घट्टच हवं, वापरून सैल होतं. खाच अजून खोल करते, आणा. हं. बसा. चालवतेय... वळतेय... अहो, माझ्याकडे काय बघता, रस्त्याकडे बघा! सायकल!

नवरा: ब्रेक.

बायको: वाचला. शिव्या देत गेला, पण आपल्या पायांनी गेला.

नवरा: परत.

बायको: आजी, पिशवी घेऊन!

नवरा: ब्रेक. आरसा बघितलास का? वळताना आरसा बघायचा असतो.

बायको: बाई गं, मास्तर जागे झाले.

नवरा: उलटं कर ते. पडतं का बघू.

बायको: तुम्हीच करा, तुमचा विश्वास बसायला हवा. हलवा. अजून जोरात. बघा, सुटतंय का! माझ्या हातचं आहे ते.

नवरा: मग झाकण कशाला लावलंस?

बायको: भीती वाटते म्हणून. यंत्र पडेल म्हणून नाही. तुम्ही जाल, आवाज वेळेवर निघणार नाही, ते मागे बसलेले मालक काहीतरी बोलतील आणि तुम्ही घरी येऊन परत भिंतीकडे तोंड कराल, म्हणून. तुम्ही जाऊच नये असं वाटत होतं मला. झालं समाधान?

नवरा: मलाही वाटते.

बायको: काय?

नवरा: भीती.

बायको: मग हे आधी बोलायला काय झालं होतं? ... जाऊ दे. बूट बाजूला करा, पायात येतात. मी चहा टाकते. आणि आज कप वाजवलात ना, तर ही रापी आहे आणि मी आहे.

(ती स्वयंपाकघरात जाते. आतून भांड्यांचा आवाज, मग नळाचा. मग काहीच नाही.)

नवरा: अगं, ऐकलंस का?

बायको: ऐकलं हो. ओरडताय कशाला?