फॅमिली डेचे बूट

(पुण्यातलं एक हॉस्पिटल, २००७. पायाची जखम भरावी म्हणून वैजनाथ जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या काचेच्या बंद नळीत आडवे. बाहेर त्यांची मुलगी नम्रता, हातात आत बोलायचा फोन; आतला आवाज बाहेर स्पीकरवर येतो. शेजारी पद्मजा सिस्टर.)

पद्मजा: ...आणि रडायचं असेल तर फोन ठेवून रडा. आत सगळं ऐकू जातं.

नम्रता: मी रडत नाहीये, सिस्टर.

पद्मजा: बरं. सर्दी असेल.

वैजनाथ: नमे, आलीस का? आज हापिस नाही?

नम्रता: सुट्टी टाकली. कान कसे आहेत, अण्णा?

वैजनाथ: गच्च. आवंढे गिळत पडलोय. इथं दुसरं काम काय हाय? आग लागंल म्हणून डोक्याला तेल नको, अंगात टेरिकॉट नको, घड्याळ नको. देवळात पण एवढं सोवळं नसतंय.

नम्रता: डॉक्टर भेटले मला.

वैजनाथ: काय म्हणले? जखम भरत आली ना? सकाळी पट्टी बदलताना सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी टोमणा मारल्याबिगर पट्टी सोडत नाहीत त्या.

नम्रता: हाडापर्यंत गेलंय, अण्णा. ऑक्सिजननं व्हायचं तेवढं झालं, म्हणतात. उद्या पाय... गुडघ्याखालून.

वैजनाथ: उजवाच ना?

नम्रता: असं काय विचारता हो!

वैजनाथ: डाव्यावर जोर देऊन उठायची सवय हाय मला. म्हणून विचारलं.

नम्रता: आईनं सगळं सांगितलं मला आज.

वैजनाथ: काय सांगितलं?

नम्रता: पायात खिळा गेलाच नव्हता. मंडईत तुम्ही अनवाणी गेलाच नव्हता. इतके महिने मी तुम्हाला चारचौघांत बोलतेय, ह्यांना चप्पल घालायला काय होतं म्हणून. आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेताय.

वैजनाथ: तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नम्रता: माझ्या पहिल्या पगाराचे बूट. चावू नयेत म्हणून मुद्दाम एक नंबर मोठे घेतले. आणि टोकात दुकानदारानं कोंबलेला कागदाचा बोळा तुम्ही काढलाच नाहीत?

वैजनाथ: आत बोळा असतोय हे मला काय म्हाईत? परभणीत जन्म वहाणांवर गेला. पाय घातला, बसला, चाललो.

नम्रता: टोचलं नाही?

वैजनाथ: शुगरनं बोटं कधीच मेली होती गं. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

नम्रता: आणि कंपनीच्या फॅमिली डेला मी तुम्हाला सगळा कॅम्पस पायी फिरवला. आत बस होती, अण्णा. मीच म्हटलं, चालत जाऊ, नीट दाखवते.

वैजनाथ: दाखवलंस की. कँटीन, ते तळं, तुझी खुर्ची. तुझा साहेब मला ‘सर’ म्हणला. कापसाच्या जिनिंगात मुकादमानं कधी नावानं हाक मारली नव्हती मला.

नम्रता: संध्याकाळी मोजा रक्तानं भिजला होता, म्हणाली आई. तेव्हाच बोलला असता तर पाय वाचला असता!

वैजनाथ: तू सकाळी दारातच विचारलंस, बूट कसे आहेत म्हणून. मी म्हणलं, लोण्यासारखे. मग कसं बोलणार? ...नमे? फोन ठेवलास का?

पद्मजा: (तोच फोन उचलून) ठेवलाय, काका. सर्दी वाढलीय तिची.

वैजनाथ: तिला म्हणावं, दोष तिचा नाही.

नम्रता: (फोन परत घेऊन) आहे. ऐकतेय मी. दोष माझाच आहे.

वैजनाथ: बरं, बुटाचा तुझा. गप्प बसायचा माझा. तो मोठा हाय.

नम्रता: अण्णा...

वैजनाथ: मला भीती वाटतीय, नमे. लई. तुझ्या आईपुढं बोलता येत नाही.

नम्रता: मी आहे ना इथं.

वैजनाथ: मधी काच हाय. नाहीतर हात धर म्हणलो असतो.

नम्रता: सिस्टर, उघडा ना जरा.

पद्मजा: दाब हळूहळूच उतरवावा लागतो, बाळ. एकदम नाही उघडता येत.

नम्रता: थोडा वेळ लागेल, अण्णा. मी हलत नाही इथून.

वैजनाथ: मग तोवर बोलत राहा. कायपण बोल.