दहा मिनिटं

लाइट गेली की भाजीबाजारातून आमच्या घरी फोन ठरलेला. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना रांगेचा नंबर देणारा प्रोग्राम आमच्या यांनीच लिहिला होता. लाइट आली की सर्व्हर आपोआप चालू व्हायचा, पण प्रोग्राम यांना जाऊन हाताने सुरू करावा लागायचा.

"तोही आपोआप सुरू होईल. फक्त दहा मिनिटं बाजार थांबवा, एकदा मशीन बंद करून पाहू द्या," हे दरवेळी मागायचे. बाजाराचे अध्यक्ष वामनराव म्हणायचे, "चालत्या मशीनले कावून हात लावता?"

हे गेले. तेरवीनंतर वामनराव म्हणाले, "वहिनी, आता कोन येईन सुरू करून द्याले? कागदाच्या चिठ्ठ्याच बऱ्या."

प्रोग्राम आपोआप सुरू होण्यासाठी काय करायचं, ते यांच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. मी ते जसंच्या तसं सर्व्हरवर घातलं आणि ऐन गर्दीत मेन स्विच खाली ओढून पुन्हा वर केला.

"काय करून राहिल्या, वहिनी!" वामनराव ओरडले.

मी हात मागे बांधून उभी राहिले. चार मिनिटांनी पडद्यावर पुढचा नंबर आपोआप आला.

"विचारून तरी कराचं होतं," वामनराव पुटपुटले.

म्हटलं, "भाऊजी, हे आठ वर्षं विचारतच होते."