साहेबांची वेगळी पिशवी

नाही, पण तुम्हीच सांगा, वांग्याला भोक पडलं तर त्यात माझा काय गुन्हा? पण नाही! नगरच्या बाहेर मनमाड रोडला आमचं भाजीचं सेंटर. सकाळी शेतकऱ्यांचा माल येणार, तो तपासायचा, निवडायचा, थंड खोलीत ठेवायचा, संध्याकाळच्या गाडीने पुण्याच्या दुकानांना धाडायचा, आणि या सगळ्यावर सुपरवायझर कोण? मी, महेंद्र! क्वालिटी पण मीच आणि सेफ्टी पण मीच. म्हणजे भाजी दिसायला देखणी पाहिजे हेही मी बघायचं, आणि ती खाऊन कुणी आडवा पडला नाही पाहिजे हेही मीच बघायचं. केसांना जाळी लावली का? हात धुतले का? बोटात अंगठी आहे का? निवडायला बसणाऱ्या एका बाईच्या मंगळसूत्रावरनं तर काय रामायण झालं म्हणून सांगू... "सायेब, नवरा जित्ता हाय माझा! तुमच्या फारमासाठी गळा मोकळा ठिवू व्हय?" शेवटी मंगळसूत्र आत आणि वरनं गळ्यापर्यंत ॲप्रन, अशी तडजोड झाली. फॉर्मवर काय लिहिलं? 'दागिने नाहीत.' आणि खाली सही कुणाची? माझी!

बरं, ते जाऊ द्या. गहिनीनाथ आबांचं सांगत होतो. पाथर्डीकडचे शेतकरी, सत्तरीचे, डोक्याला मळकी टोपी, सोमवारी आणि गुरुवारी टेम्पो घेऊन हजर. वांगी अशी की तुम्हाला सांगतो, हातात घेतलं की ठेवावंसं वाटू नये. चकचकीत, एका मापाची, एकाला म्हणून भोक नाही. मी दर वेळी फॉर्मवर लिहायचो, 'उत्तम.' आणि मग गुरुवारी आबा काय करायचे, टेम्पोच्या पुढच्या सीटखालनं एक कापडी पिशवी काढायचे. "सायेब, ही घरी न्या. वैनीला द्या. सोताच्या हातानं तोडल्यात." मी खूश! माणूस आहे हो, कुणी प्रेमाने काही दिलं की बरं वाटतंच की!

घरी येऊन पिशवी उघडली... वाकडी वांगी! कुठलं एवढंसं, कुठलं पोक आलेलं, आणि चारातल्या दोनांना भोक! आमच्या बायकोने, शुभांगीने, एक चिरलं, आतनं अळी निघाली आणि ती आमच्याकडे बघायला लागली, आम्ही तिच्याकडे. अहो, कंपनीला नंबर एक आणि मला किडकं? एकदा झालं, म्हटलं चुकून आलं असेल. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, सहा महिने दर गुरुवारी किडकी वांगी!

आता खरं सांगू का? मनात आलंच. कसं नाही येणार? माझी आई, भिमाबाई, जामखेडच्या बाजूची. तिच्या लहानपणी पाटलाचं खळं उरकलं की झाडून उरलेलं, मातीतलं धान्य पदरात घ्यायचं, आणि तेही लांब उभं राहून. ती त्या वांग्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "शिकलास, सायेब झालास... तरी किडकंच का रं आपल्या वाट्याला?" त्या दिवसापासनं पिशवी शेजारच्यांच्या शेळीला जायला लागली. शेळी आवडीने खायची. मी मात्र आबांना वरनं "वा आबा, छान होती हो वांगी" म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो.

तरी हिंमत होईना विचारायची. विचारायचं काय? 'आबा, मी कोण आहे म्हणून मला किडकं देता का?' असं विचारता येतं का कुणाला? उत्तर 'हो' आलं तर काय करायचं?

पण परवाच्या गुरुवारी सुटला तोल. आबांनी पिशवी पुढे केली आणि माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, "आबा, कंपनीला नंबर एकचा माल आणि मला किडका? माझं काय चुकलं हो?" आबा असे हसले, असे हसले की टोपी हातात आली. "आवो सायेब! कीड हाय म्हंजी औषिद न्हाई! ह्या चार सऱ्या आमी घरच्या खान्यासाठी येगळ्या ठिवतो, त्याला फवारा दावत न्हाई. माझी नातवंडं खात्यात ती. घरच्या मान्साला तीच द्यायची असत्यात! ही क्रेटातली का द्यू तुमाला? ही तर आमी तोंडात घालीत न्हाई!"

सहा महिने! सहा महिने हा म्हातारा मला नातवंडांच्या ताटातलं आणून देत होता आणि मी ते शेळीला घालत होतो. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू. वाटलं, वाकून पाया पडावं. वाकलोही असतो... पण अर्ध्यात थांबलो. कारण तोवर डोक्यातला सेफ्टीवाला जागा झाला! म्हटलं, "आबा... क्रेटातली तोंडात घालत नाही म्हणजे? ह्यांना औषध कधी मारलं?" "परवा. मंगळवारी. लई अळी पडली हुती."

मंगळवारी! आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेलं, फवारल्यावर सात दिवस तोडायचं नाही! मी फॉर्म बघितला. 'शेवटची फवारणी - आठ दिवसांपूर्वी.' मागचा बघितला, आठ दिवस. त्याच्या मागचा, आठ दिवस! गेटवर फॉर्म भरणारा आमचा सचिन. म्हटलं, "सचिन, तू विचारतोस का रे यांना?" "साहेब, सगळ्यांचं आठच टाकतो. सात टाकलं तर काठावर वाटतं." बरं, लॅबचं काय? दर महिन्याला नमुना जातो, रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो, तो कसा काय? तर सचिन म्हणतो, "साहेब, क्रेट फोडलं की वजन कमी भरतं, पुण्याहून बोलणी बसतात. म्हणून नमुना मी तुमच्या पिशवीतनं काढायचो. तुम्हाला तशी पण ती वांगी आवडत नव्हती!" म्हणजे तपासणी आबांच्या नातवंडांच्या वांग्यांची, आणि पुण्याला गेली ती दुसरीच! आणि त्या सगळ्या रिपोर्टांखाली सही कुणाची? माझी!

आता सांगा, काय करायचं मी? ज्या माणसाने मला घरचा मानला, ज्याने घरचा मानला म्हणूनच खरं सांगितलं, त्याच्याच मालावर शिक्का मारायचा? पण पुण्यातही कुणाची नातवंडं असतीलच की. मारला शिक्का. चाळीस क्रेट, 'नापास.' आबांनी भांडण नाही केलं. एकेक क्रेट टेम्पोत चढवलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "आपला म्हनून बोललो हुतो, सायेब." बास. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फॉर्मवर शेवटचा रकाना असतो, 'मालाचे काय केले?' मी लिहिलं, 'परत.' परत म्हणजे कुठे परत, ते फॉर्म विचारत नाही. मीही विचारलं नाही. खाली सही केली आणि त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

संध्याकाळी सावेडीत घरी आलो, मनात ठरवून आलो की आईला सगळं सांगायचं, तिच्या मनातलं ते काढून टाकायचं. आईजवळ बसलो, तोंड उघडलं, तेवढ्यात शुभांगी पाय आपटत दारात! "हे बघा, असली माणसं असतात! कोपऱ्यावर टेम्पो लागला होता, एक म्हातारेबाबा वांगी विकत होते, इतकी सुंदर, एकाला भोक नाही! सगळ्या बायका तुटून पडल्या. मी पण किलोभर घेतली. भाव करताना म्हटलं, बाबा, मला नका शिकवू, आमचे मिस्टर भाजीच्याच सेंटरला साहेब आहेत, महेंद्र म्हणून. तर त्या माणसाने माझ्या हातातनं पिशवी घेतली आणि एकेक वांगं काढून परत क्रेटात! म्हणतो, 'ताई, ही तुमाला न्हाई द्यायची.' एवढ्या बायकांत! नाव ऐकलं आणि काढून घेतली! शेजारच्या काकूंना दोन किलो दिली, समोरच्यांना दिली, आणि मलाच नाही!" आणि रडायलाच लागली हो. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

मी तसाच पळत कोपऱ्यावर गेलो. टेम्पो निघून गेलेला, रस्त्यावर नुसते देठ. समोरच्या बिल्डिंगमधनं वांग्याला फोडणी दिल्याचा वास सुटलेला. आता कुणाकुणाचं दार वाजवू? आणि सांगू काय? परत आलो, आईला आणि शुभांगीला समोर बसवलं आणि पिशवीपासनं शिक्क्यापर्यंत सगळं सांगितलं. शुभांगीने डोळे पुसले, आईने मान हलवली, म्हणाली, "मंजी त्यो आपलाच मानूस निघाला म्हन की." म्हटलं, हो आई, आपलाच.

मग शुभांगीने हळूच विचारलं, "अहो, पण मग त्या बाकीच्या बायकांना का दिली त्यांनी?"

मी म्हटलं, "त्यांची आणि आबांची ओळख नाही ना गं!"