निळी बाज

मनकर्णा : अन् हे काय होये? टेबल का दरवाजा?

पुनम : टेबल आहे, आत्याबाई. आधी दरवाजा होता. आमच्या माहेरच्या कॉलनीतलं जुनं क्वार्टर पाडून राहिले होते, तिथून आणला. घासला, पॉलिश मारलं, खाली पाय लावले.

मनकर्णा : कडी तशीच ठेवली.

पुनम : मुद्दाम ठेवली. छान दिसते.

मनकर्णा : हो ना. जेवता जेवता पाहुना आला तं कडी वाजवन.

पुनम : तुम्ही आधी बसा तरी. आल्यापासून उभ्याच आहात. त्या खुर्चीवर बसा.

मनकर्णा : हे कोनाची उतरन?

पुनम : कोळसा खाणीतल्या एका साहेबाची. बदली झाली त्याची, सामान विकून राहिला होता. कापड फाटलं होतं, ते मी बदललं.

मनकर्णा : साहेब बसून उठला, आता मनकर्णानं बसावं. नाई बाई. अन् उंच किती हाय. शाळेतल्या पोरीवानी पाय लोंबकळत बसू का मी?

पुनम : मग स्टूल देऊ?

मनकर्णा : ते बी कोनाचं तरी असनच. राहू दे. ह्या बाजेवर बसतो. हे एक वस्तू बरी दिसून राह्यली तुह्या घरात, कोरी करकरीत. हं. पाय टेकले पाह्य भुईले. आईनं देल्ली वाटते तुह्या?

पुनम : चहा ठेवू ना?

मनकर्णा : ठेव. कप तरी कोरे हायेत का?

पुनम : एक कोरा आहे. तुम्हाला त्यातच देते. आत्याबाई, खरं सांगा, तुम्ही काही चहा प्यायला नाही आल्या.

मनकर्णा : नाई आली. तुह्या सासूनं पाठवली मले. प्रफुलनं कोर्टात जाऊन लगन केलं, ना वाजंत्री ना आंदन, तवापासून वहिनीनं तुहं तोंड नाई पाह्यलं. आता म्हने, "बाई, तुमी जा, तुमी त्याच्या आत्या होय. माह्या पोराले ते पोरगी कशावर निजवते, तेवढं पाहून या. बरं दिसलं तं रविवारी खन-नारळ घेऊन जातो, ओटी भरतो तिची. नाई तं माह्यासाठी सून नाईच."

पुनम : म्हणजे तुम्ही पास केलं तर त्या येणार.

मनकर्णा : अजून तं नापासच होऊन राह्यली तू.

पुनम : नाही आल्या तर नाही आल्या. मला काही फरक नाही पडत.

मनकर्णा : मंग सकाळी उठून पडदे काऊन धुतले? वलेच टांगले. पानी गळून राह्यलं खाली.

पुनम : साखर किती घेता?

मनकर्णा : घे अंदाजानं. अन् पडदे कायचे होयेत हे? लुगड्याचे?

पुनम : जुन्या साड्यांचे. काठ किती सुंदर आहेत, पाहा ना.

मनकर्णा : अन् कोपऱ्यातला गठ्ठा?

पुनम : तो माझा धंदा आहे. नागपूरवरून जुन्या कपड्यांचा गठ्ठा आणते, धुते, उसवते, परत शिवते. मोबाईलवर फोटो टाकते, लोक मागवतात. थ्रिफ्ट म्हणतात त्याला.

मनकर्णा : आमी त्याले चिंध्या म्हनतो.

पुनम : त्या चिंध्यांसाठी पुण्याच्या पोरी माझ्याशी भांडतात. एका जाकिटाच्या मागे दहा जणी.

मनकर्णा : दहा जनीत एकीले तरी आई असन का नाई सांगायले, का कोनाचा घाम, कोनाची खरूज अंगाले लावू नये? परवा प्रफुल दिसला बाजारात. अंगात शर्ट, त्याच्यावर इंग्रजी नाव. मले वाटलं राइस मिलच्या मालकानं पगार वाढवला पोराचा. ते बी गठ्ठ्यातलाच होता का?

पुनम : हो. अन् चांगला दिसतो त्याला.

मनकर्णा : शी.

पुनम : आत्याबाई, तुमच्याकडे भांडेवाली येते ना?

मनकर्णा : येते. दिवाळीच्या आंधी आलती. साड्या देल्ल्या, मोठा गंज घेतला तिच्याकून.

पुनम : त्या साड्या कुठे जातात वाटतं तुम्हाला? काशीला? माझ्यासारखीकडेच येतात.

मनकर्णा : देनं वेगळं अन् घेनं वेगळं, पोरी. आमी देनारे लोक होय. माह्या बापानं, तुह्या नवऱ्याच्या आबाजीनं, गुनवंतरावनं, जलमात कोनाची उतरन घरात नाई आनली.

पुनम : असेल. मी नाही पाहिलं त्यांना.

मनकर्णा : कशी पाहशीन? घरात घेतलं तं पाहशीन. बाबा लय म्हनत होते, पोरगी एकडाव आना, मी पाहतो. वहिनीनं नाई आनू देल्ली.

पुनम : आबाजी गेले, माती झाली त्या दिवशीही नाही बोलावलं मला. प्रफुलला सांगितलं, एकटाच ये. मी दिवसभर इथे उंबऱ्यात बसून राहिली. रात्री आला तर जेवला नाही, बोलला नाही. मी काय विचारणार? मी तर त्या घरची नव्हतीच.

मनकर्णा : चाहा उतू जाईन, पाह्य.

पुनम : घ्या. कोरा कप.

मनकर्णा : हं. चाहा जमते तुले. आता आयक, मी काई खोटं सांगनारी बाई नाई. वहिनीले सांगन, घर भंगारवाल्याचं हाय. दरवाज्यावर जेवतेत, साहेबाच्या खुर्चीवर बसतेत, मेलेल्या-जित्याचे कपडे घालतेत. पन निजायची बाज कोरी हाय, मजबूत हाय, माह्या बुडाखाली हालली नाई. तिनं तेवढंच इचारलं होतं. वाचली तू. तुह्या आईनं लाज राखली तुही.

पुनम : माझ्या आईनं नाही दिली ती.

मनकर्णा : मंग इकत घेतली असन. तेवढी अक्कल तं हाय.

पुनम : विकतही नाही घेतली.

मनकर्णा : पोरी, मी बरं सांगून राह्यली तं घे ना चूपचाप.

पुनम : आईच्या नावावर कायला घेऊ? मेहनत माझी आहे. फुकटात मिळाली मला ती. गडचिरोलीवरून येत होती, वैनगंगेच्या पुलाजवळ चिंचेखाली पडली होती. अस्सल सागवान अन् कोणी फेकून दिलं. ऑटोत टाकून आणली. दोरी सडली होती, ती सगळी काढली, मोबाईलवर पाहून नवीन विणली. पुट्टी भरली, निळा रंग मारला. तुम्हीच म्हणाल्या ना, कोरी करकरीत.

मनकर्णा : चिंचेखाली कशी पडून होती? उभी का पालथी?

पुनम : पालथी. चारही पाय वर.

(मनकर्णा कप खाली ठेवून उठते.)

मनकर्णा : अवो अभागी पोरी. तुले कोनी काईच शिकवलं नाई का? मानूस मेला का त्याची बाज पालथी टाकतेत तिथी, माती देऊन वापस येतानी. सगळ्या गावायच्या बाजा त्याच चिंचेखाली पडतेत. भिकारी नेत नाई, चोर नेत नाई, कुत्रं सावलीले बसत नाई. अन् तू ऑटो करून घरी आनली?

पुनम : मला काय माहीत? आमच्या कॉलनीत लोखंडी पलंग. माणूस गेला तर दुसऱ्या महिन्यात त्यावर दुसरा झोपायचा.

मनकर्णा : माह्या भावाच्या एकुलत्या पोराले मुडद्याच्या बाजेवर निजवते. अन् मले बी बसवलं.

पुनम : मी नाही बसवलं. मी खुर्ची दिली होती.

मनकर्णा : रंग लावून ठेवला ना तू. तुह्यासारखीचा सगळा धंदाच तसा, वरून रंग अन् आतून मुडदा. गेला तुहा रविवार. वहिनी येत नाई आता, मीच येऊ देत नाई.

पुनम : नका येऊ देऊ. पण एक सांगून जा. माणूस मेला की त्याची जमीन कोणी नेऊन टाकते का त्या चिंचेखाली? त्याची बैलजोडी टाकते? आबाजींच्या बांधीत यंदा धान लावलंच ना तुमच्या भावानं. तो भात चालते सगळ्यांना. बिचारी बाज तेवढी विटाळली. ज्याचे पैसे येतात ते घरात, अन् ज्याचे नाही येत ते पुलाजवळ. अशी रीत असेल तर माझा गठ्ठा बरा.

मनकर्णा : तोंड सांभाळ.

पुनम : वर्षभर सांभाळलंच होतं.

मनकर्णा : चपला कुठी माह्या?

पुनम : दारात. अन् सासूबाईंना हेही सांगा, की बाज धड पण नव्हती. कोण्या अडाण्यानं चारही पाय खालून करवतीनं कापले होते. एवढं चांगलं सागवान अन् बुटकं करून ठेवलं. मी खाली ठोकळे लावून उंच करणार होती. प्रफुलच नको म्हणाला.

मनकर्णा : काय कापले होते?

पुनम : पाय. बाजेचे.

मनकर्णा : चारही?

पुनम : चारही. काय झालं?

मनकर्णा : त्यातला एक पाय बाभळीचा होता का?

पुनम : बाभळीचा का ते नाही माहीत. पण एक वेगळा होता, जड. म्हणून तर रंग मारला, चारही सारखे दिसावे म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

मनकर्णा : सागाचा पाय बैलानं लात मारून मोडला होता. मंग बाबानं बाभळीचा बसवला.

पुनम : आत्याबाई.

मनकर्णा : माही आई माह्यावानी ठेंगनी. बाजेवर बसली का पाय लोंबत तिचे, सांजेले सुजून जात. एक दिवस बाबानं करवत घेतली अन् कापले चारही पाय. लोक हासले, गुनवंतरावचं डोक्स फिरलं म्हनले. बाबा म्हने, जिले बसायचं तिचे पाय टेकत नाई तं उंच बाज काय चाटायची हाय? आई दवाखान्यात मेली, बाजेवर नाई, म्हनून बाज घरात राह्यली. बाबा मंग तिच्यावरच निजत. मी आताच बसली, चाहा पेली, पाय टेकले म्हनली. अन् वळखली नाई. बापाची बाज वळखली नाई मी.

पुनम : मला खरंच माहीत नव्हतं. पाणी देऊ तुम्हाला?

प्रफुल : आत्या? कवा आली? अन् दोघी अशा उभ्या काऊन?

मनकर्णा : तूच सांग. मिलमधून आला तं हात धुव, अन् सांग मले, हे बाज कोनाची हाय?

प्रफुल : पुनमनं आनली.

मनकर्णा : कोनाची हाय, ते इचारलं.

प्रफुल : आबाजीची.

पुनम : तुला माहीत होतं?

प्रफुल : ऑटोतून उतरवली तवाच.

पुनम : अन् मला सांगितलं नाही. एवढे दिवस.

प्रफुल : काय सांगू? मोठ्या नातवानं टाका लागते म्हने. माहे बाबा म्हनले उचल, मी उचलली. पालथी कर म्हनले, केली. मांगं पाहू नको म्हनले, नाई पाह्यलं. लहानपनी त्याच बाजेवर निजलो मी, आबाजीच्या पोटाले पाठ लावून. टाकल्यावर मले लय वाईट वाटलं, आत्या. आबाजी गेले त्याच्याहून जास्त. मंग एका सांजेले कामावरून आलो, तं हे दारात उभी. हात काळे, तोंडभर हासून राह्यली. म्हने, पाह्य, फुकटात सागवान सापडलं. मी सांगतलं असतं तं हिनं नेऊन टाकली असती वापस.

पुनम : नसती टाकली.

प्रफुल : मले का माहीत.

मनकर्णा : भेव नाई वाटला तुले तिच्यावर निजायचा?

प्रफुल : आबाजीचा कायचा भेव?

पुनम : आत्याबाई, काय करता? बसू नका, विटाळ होईल ना तुम्हाला.

मनकर्णा : जास्त बोलू नको. माह्या बापाची बाज होये, तुह्या नाई. हे पायताकडची दोरी कोनं ओढली?

पुनम : मीच.

मनकर्णा : दिसतेच. ढिली हाय. मोबाईलनं बाज इनते म्हने. प्रफुल, ये इकडं, पायानं दाब अन् ओढ. तू कायले उभी? ते टोक धर.

पुनम : धरलं.

प्रफुल : आत्या, आईले काय सांगशीन?

मनकर्णा : सांगन, सारं घर भंगार हाय. पोरगी तोंडाची फाटकी हाय, ते कोन्या सुईनं शिवल्या जात नाई.

प्रफुल : अन् निजायचं?

मनकर्णा : निजायची सोय चांगली हाय म्हनन. रविवारी ये म्हनन. बसायले इथीच बसव तिले, त्या साहेबाच्या खुर्चीवर नको.

पुनम : मग मी रविवारच्या आत हा रंग खरवडते. पॉलिशपेपरनं घासली की आतलं सागवान दिसेल, आबाजींची होती तशीच होईल.

मनकर्णा : कायले?

पुनम : सासूबाईंना ओळखीची वाटेल.

मनकर्णा : तिनं वीस वर्स ह्या बाजेवर बाबाले चाहा नेऊन देल्ला. वळखन ते. राहू दे निळी.