फियाटवरचा रजेचा अर्ज

जबाब, दि. ३०/९/१९९४, सायंकाळी ५.४५ वा.

नाव कुंदन वामन मढवी, वय २१ वर्षे, धंदा नोकरी (पिंपांवर रंगाने नाव-नंबर टाकणे), शिक्षण एस. वाय. बी. कॉम. अर्धवट, रा. गोठिवली, जि. ठाणे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत जुलै १९९३ पासून कामाला आहे. कॉलेज घरगुती कारणाने सोडले. त्याच कंपनीत पॅकिंगला सुचिता भोईर, रा. तळवली, ही जून १९९३ पासून आहे. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नाही.

सुरतेच्या प्लेगची बातमी आल्यावर सोमवारी कंपनीत नोटीस लागली. घाबरू नये. ताप असलेल्याने कामावर येऊ नये. मात्र अर्ज न देता तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याचे नाव पटावरून कमी केले जाईल. खाली पर्सोनेल ऑफिसर राजवर्धन घोरपडे यांची सही. त्या दिवशी अख्ख्या रबाळ्यात प्लेगवरची टेट्रासायक्लिनची गोळी मिळत नव्हती. साहेबांच्या ड्रॉवरमध्ये मिळत होती, पण फक्त साहेबांना.

बुधवार दि. २८ रोजी सकाळी ७ वा. मी सायकलने तळवलीवरून जात होतो. तळवली माझ्या वाटेवर नाही. सुचिताची आई सुमित्राबाई यांनी मला हाक मारून रजेचा अर्ज आणि डॉक्टरची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत मलेरिया लिहिले होते. त्या म्हणाल्या, "पोरीला थंडी वाजून ताप हाय. ह्यो कागद सायबाला दे. तिचं नाव कापलं तं आमी काय खावाचं? आनि तू आत येव नको. काल पन सायकल पुसत हितंच हुबा व्हतास." मी आत गेलो नाही. खिडकीत दोन गोधड्या दिसल्या.

कंपनीच्या गेटवर वॉचमन सयाजीमामा फिनेलची बादली आणि चिमटा घेऊन बसले होते. त्यांनी अर्ज आणि चिठ्ठी चिमट्यात धरून बादलीत बुडवली. मी म्हणालो, "मामा, शाई जाईल!" ते म्हणाले, "जाऊंदे की. किडं मेलं पायजेत. वरनं हुकूम हाय, आजाऱ्याच्या घरचा कागद बुडिवल्याबिगर आत न्यायचा न्हाय." दोन्ही कागद वाळवून मी साहेबांपुढे ठेवले. चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव छापील होते, ते राहिले. मलेरिया शाईचा होता, तो गेला.

साहेब तोंडाला रुमाल बांधून बसले होते. म्हणाले, "हा कोरा कागद आहे."

"साहेब, गेटवर येईपर्यंत अर्ज होता."

"मग गेटवर द्यायचा. आणि काय रे, ताप आला की लगेच झोपायचं? आजार हा अर्धा मनाचा असतो."

गुरुवारी मी सुचिताच्या आईकडून अर्ज बॉलपेनने लिहून आणला. काल कागद बुडवून लगेच काढला, त्यामुळे औषध नीट मुरले नाही, असा सयाजीमामांचा समज झाला होता. त्यांनी अर्ज अर्धा तास बादलीत ठेवला. बाहेर आला तो लगदा. तो घेऊन मी वर गेलो, तर साहेब नव्हते. सकाळी त्यांना दोन शिंका आल्या म्हणून ते घरी गेले होते. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'टूर' लिहिले होते.

आज तिसरा दिवस. सकाळी ९.३० वा. मी साहेबांना तोंडीच सांगितले. आमच्यात झालेले बोलणे पुढीलप्रमाणे.

"तोंडी चालत नाही. कागद टिकत नसेल तर तिला स्वतः यायला सांग."

"नोटिशीत ताप असलेल्याने येऊ नये असं आहे."

"मग येऊ नये."

"मग अर्ज?"

"येऊन द्यावा. आणि तुला कशाला एवढा पुळका? तू तिचा कोण?"

आपणही इथे चौकीत तेच विचारले, म्हणून सांगतो की मी तिचा कोणी नाही. असे तिनेही एकदा कॅन्टीनमध्ये सर्वांसमक्ष सांगितले आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, १.१० वा., मी पिंपांचा लाल ऑइल पेंट आणि दोन इंची ब्रश घेऊन साहेबांच्या पांढऱ्या फियाटपाशी गेलो. हा रंग फिनेलने जात नाही, हे मला कामामुळे माहीत आहे. बॉनेटवर 'मा. घोरपडे साहेब यांस' लिहिले. उजव्या दोन्ही दारांवर 'कु. सुचिता भोईर हिला हिवताप आल्याने दि. २८ पासून आठ दिवस आजारपणाची रजा मिळावी' असे लिहिले. डिकीवर डॉक्टरचे नाव आणि आजची तारीख टाकली. डाव्या बाजूला काही लिहिले नाही. लिहायचे मनात होते, पण ते रजेबद्दल नव्हते.

हे पाहून सयाजीमामा पळत आले आणि हुकुमाप्रमाणे फिनेलची अख्खी बादली गाडीवर ओतली. मजकूर राहिला. मामा म्हणाले, "लेका, अक्षर मातूर झ्याक हाय."

साहेबांनी मला पकडायला सांगितले. मी तापाच्या घरी जाऊन आलेला, त्यामुळे कोणी हात लावेना. चौकीतले लोक येईपर्यंत मी साहेबांच्या खुर्चीत बसलो होतो. पळालो नाही. आत्ताही आपण मला खिडकीबाहेर उभे करून लिहून घेत आहात, त्याबद्दल तक्रार नाही.

गाडी मी रंगवली, हे कबूल आहे. भरपाई पगारातून कापावी, पगार राहिला तर.

मात्र एक गोष्ट नोंदवावी. साहेब फिर्याद द्यायला गाडी घेऊन इथे आले. आपण म्हणालात, गाडीवर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द सांगा. तेव्हा साहेबांनी गाडीभोवती फिरून, दाराशी वाकून, अख्खा अर्ज मोठ्याने वाचला. आपण तो उतरवून घेतलात. साहेबांनी खाली सही केली, हुद्दा लिहिला, दि. ३०, वेळ ३.४० अशी टाकली. कंपनी पाचला सुटते. म्हणजे सुचिताचा अर्ज तिसऱ्या दिवशी, कामाच्या वेळेत, साहेबांच्या सहीनिशी पोहोचला आहे, आणि तो सरकारी कागदावर असल्याने सयाजीमामांना बुडवता येणार नाही. फिर्यादीची एक नक्कल सुमित्राबाईंच्या हाती मिळावी, एवढीच विनंती आहे. मग माझे काय करायचे ते करा.

वरील मजकूर हवालदारांनी मला खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवला, तो मी ऐकला. ते म्हणाले, "मढवी, त्या मुलीचं नाव लई वेळा आलंय. दोन-चार ठिकाणी खोडू का?" मी नको म्हणालो. आहे तसे बरोबर आहे.

सही / कुंदन वा. मढवी