मुद्द्याला एक पेपरमिंट

दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत पाद्री हारमन वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. त्यांच्याच चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या, यिक्के आणि फेमी, मागच्या बाकावर येऊन टेकल्या.

"फेमी, साखर पुन्हा वाढली म्हणे तुझी?"

"वाढेल नाहीतर काय! प्रवचनाला पेपरमिंट लागतातच ना."

"एकच चघळावं माणसानं."

"अगं, मुद्द्याला एक, ही आमच्या आईची शिस्त. आपल्या पाद्रीबाबांचे मुद्दे तीन. त्यातून मुद्दा लांबला, की दुसरं काढावंच लागतं."

"परवा तर भलतेच लांबले."

"सगळी पुडी संपली माझी!"

"विषय तरी काय होता गं?"

"शरीर म्हणजे देवाचं मंदिर, त्याला जपा."

"मग जप की! नको चघळूस."

"आणि मी घोरायला लागले म्हणजे? सगळ्या गावासमोर?"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"फेमीबाई, येत्या रविवारी दोनच मुद्दे घेतले तर चालेल?"

यिक्केनं तोंडाला रुमाल लावला. फेमी मात्र जराही गांगरली नाही.

"एकच घ्या, पाद्रीबाबा. मंदिराची डागडुजी चालू आहे."