दत्तूमामा रोड

हसा खुशाल, पण माझी आगगाडी एका तुटक्या चपलेमुळे रुळावर आली. छोट्या मॉडेल गाडीसाठी मी हाताने रूळ बसवत होते. काडीएवढे लाकडी स्लीपर, त्यावर धातूची पट्टी. झटपट चिकटणारा गोंद लावला, तर पट्टी वाकडी बसली ती बसलीच, वर माझी दोन बोटंही चिकटली. पांढरा गोंद तर धातूला धरेचना.

त्यात चप्पल तुटली. मालाड मार्केटात चपला शिवणाऱ्या दत्तूमामांकडे गेले, तर ते एका सोलला चिकटवायचं सोल्युशन लावून निवांत बसलेले.

"मामा, दाबा ना, सुकेल ते!"

"सुकायलाच ठेवलंय, ताई. दोन्हीकडे लावायचं, बोटाला लागेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं दाबलं की सरकतं."

मी त्यांच्याकडून डबीभर सोल्युशन घेतलं आणि तशीच घरी पळाले.

पट्टीला आणि स्लीपरला दोन्हीकडे लावलं, सुकू दिलं, मगच दाबलं. गाडी अशी धावली यार! स्टेशनवर मी पाटी लावली, 'दत्तूमामा रोड', आणि मामांना व्हिडिओ दाखवायला गेले. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा बघितला. मग खोक्यामागून माझी त्या दिवशी तिथेच विसरलेली चप्पल, शिवून तयार, काढून पुढे ठेवली.

"ताई, माझ्या नावाच्या स्टेशनावर अनवाणी उतरू नका."